टोचन : ओढणं सोपं, धरून ठेवणं अवघड

आमच्या महाड-पोलादपूरकडे बंद पडलेली गाडी कोणी 'टो' करत नाही, 'टोचन' करतात. "गाडी टोचन करून आणली", "जरा टोचन लाव रे", "मधेच टोचन तुटलं" असं सर्रास बोललं जातं. शब्द कुठून आला ते उघड आहे. इंग्रजी 'टो चेन' ट्रकवाल्यांच्या तोंडात फिरत फिरत टोचन झाली. साखळी जाऊन वायररोप आला, नायलॉनचा दोर आला, आता पट्टा आलाय, पण शब्द तोच राहिला. तो फक्त आमचा नाही, मालवाहतुकीच्या धंद्यात दूरवर चालतो. पण घाटांच्या पायथ्याशी राहणाऱ्याला तो जरा जास्तच ऐकू येतो.

नकाशा डोळ्यासमोर आणा. पोलादपूरहून दक्षिणेला खेडकडे निघालात की कशेडी घाट. पूर्वेला महाबळेश्वरकडे निघालात की आंबेनळी घाट. महाडहून भोरकडे जायचं तर वरंधा. थोडक्यात, आमच्या भागात गाडी बंद पडली की ती बहुधा चढावर नाही तर उतारावर पडते. सपाटीवरच्या माणसाला प्रश्न पडतो, 'गाडी ओढायची कशी?' घाटातला प्रश्न वेगळा आहे, 'ओढलेली गाडी थांबवायची कशी?' माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. आणि आज आपण जे अपघात ओढवून घेतो, ते हा प्रश्न विसरल्यामुळे.

थोडं मागे जाऊ.

मोटार यायच्या आधी महाड हे बंदर होतं. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर मचवे सावित्रीतून वर दासगाव-महाडपर्यंत येत. मीठ, सुकी मासळी, नारळ घाटावर जायचे आणि धान्य, गूळ खाली यायचा. आधी हे सगळं बैलांच्या पाठीवरून. घाटवाटा किती सरळसोट होत्या ते नावांवरून कळतं. अफजलखानाचं सैन्य १६५९ साली जावळीत उतरलं तो घाट रडतोंडीचा. ज्या वाटेचं नावच असं, तिथे चाक चालवायचा विषयच नव्हता.

इंग्रजांनी घाटात गाडीरस्ते काढले. आंबेनळी घाटाला जुन्या कागदांत 'फिट्झजेराल्ड घाट' म्हणतात, ते १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सेमूर फिट्झजेराल्ड यांच्या नावावरून. गाडीरस्ता झाला आणि बैलगाड्या घाटात आल्या. चढावर एक जोडी कमी पडली की पुढे दुसरी जोडी जुंपायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या सगळ्याच घाटांत होती. दुसऱ्याच्या बळावर आपलं वाहन चढवायचं, हेच पहिलं टोचन. पण गाडीवान चढाला घाबरत नसे, उताराला घाबरे. चढावर बैल दमले तर चाकामागे दगड लावून थांबता येतं. उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर आली तर बैलही जातात आणि माणूसही.

हाच धडा रेल्वेने बोरघाटात गिरवला. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. आजही कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. लोकांना वाटतं ही इंजिनं फक्त ढकलायला असतात. पण चढावर मागे इंजिन असण्याचा दुसरा उपयोग असा की मधली जोडणी तुटली तरी डबे मागे घरंगळत जात नाहीत. आणि उतारावर अतिवजनाला धरून ठेवायला ब्रेकची ताकद लागते. दीडशे वर्षांहून जास्त काळ रेल्वे हे गृहीत धरून चालते की घाटात ओढणारा जितका महत्त्वाचा, तितकाच धरून ठेवणारा.

मोटारींच्या बाबतीत जगाने क्रेनची गाडी शोधली ती १९१६ मध्ये. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावी अर्नेस्ट होम्स नावाचा गॅरेजवाला होता. ओळखीच्या माणसाची फोर्ड गाडी ओढ्यात पडली. ती दोर, ठोकळे आणि माणसं लावून बाहेर काढता काढता सगळ्यांचा दम निघाला. मग त्याने एका जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. आजच्या टोइंग व्हॅनची ती आजी. त्या गावात आता टोइंगचं म्युझियम आहे. होम्सच्या युक्तीचा गाभा असा की बंद गाडीचा पुढचा भाग उचलून घ्यायचा. उचलला की त्या गाडीला स्टिअरिंग लागत नाही आणि ती दोराने बांधलेल्या गाडीसारखी पुढच्या गाडीवर आदळत नाही.

आता आपल्या कायद्याकडे या. गंमत म्हणजे आपला कायदा या बाबतीत चांगला शहाणा आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली 'रस्त्याचे नियम' आले. त्यात टोइंगचं कलम आहे. बंद पडलेली गाडी ओढायला परवानगी आहे, पण अटी घातल्यात. पहिली, ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर लायसनवाला माणूस हवा. नसेल, तर तिची वळणारी चाकं क्रेनने किंवा तशा साधनाने रस्त्यापासून नीट उचललेली हवीत. दुसरी, दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. तिसरी, दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसली पाहिजे. चौथी, मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असं लिहिलेलं हवं, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच. २०१७ साली नवी नियमावली आली, टोइंगचं कलम तिच्यातही आहे.

मी आजवर कशेडीत आणि हायवेवर दोर लावून ओढलेल्या शेकडो गाड्या पाहिल्या असतील. 'ऑन टो'चा फलक एकाही गाडीवर पाहिलेला नाही. बंद गाडीच्या सीटवर क्लीनर नाही तर घरातलं एखादं पोरगं बसलेलं मात्र कितीतरी वेळा पाहिलंय. "तुला काय करायचंय, नुसतं स्टिअरिंग धर" असं सांगून बसवलेलं. हे वाक्यच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे.

कारण दोराने ओढताना सगळ्यात कठीण काम मागच्या माणसाचं असतं. पुढचा फक्त ओढतो. ब्रेक मागच्याला मारायचा असतो. साधा हिशोब करा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. पुढच्याने ब्रेक मारला, मागच्याला कळून पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, की मागची गाडी सात मीटर पुढे आली. दोर पाच मीटरचा. म्हणजे ती पुढच्या गाडीच्या डिकीत. ताशी ४० ला तर अकरा मीटर. ताशी १५ ला मात्र चार मीटरच्या आसपास, तेव्हा कुठे जमतं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे की टोचन असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमधेच राहा आणि मागच्याने दोर कायम ताणलेला ठेवायचा. दोर सैल पडला की पुढच्या धक्क्याला तो तुटतो, नाहीतर हूक उपटून येतो. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा उलटतो. लोखंडी वायर असेल तर समोर उभ्या माणसाचं काही खरं नाही.

आणि मागच्या माणसाच्या हातात गाडी कशी असते? इंजिन बंद. म्हणजे पॉवर स्टिअरिंगची मदत गेली, चाक दगडासारखं जड. ब्रेकला मदत करणारा बूस्टर एक-दोनदा पाय दाबेपर्यंत साथ देतो, मग पेडल लाकडासारखं होतं. ब्रेक लागतात, पण पूर्ण ताकदीने दाबावे लागतात. कोणी चावी काढली तर स्टिअरिंगच लॉक. 'नुसतं धर' म्हणून बसवलेल्या पोराच्या पदरात हे सगळं पडतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आमच्या आधीच्या पिढीचे लोक म्हणतात, "आम्ही कशेडीतून गाड्या ओढून नेल्या, काही झालं नाही." खोटं बोलत नाहीत ते. पण तेव्हाच्या कितीतरी गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं, ब्रेकला बूस्टर नव्हता. चालू गाडी जितकी जड, तितकीच बंद गाडी जड. ड्रायव्हरच्या हातापायाला फरकच कळत नसे. वर रस्त्यावर गर्दी कमी आणि वेगही कमी. त्या काळातला आत्मविश्वास आजच्या गाडीत घेऊन बसलं की घात होतो. आजच्या ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीची इंजिनला जोडलेली चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सच जाऊ शकतो, कारण आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इलेक्ट्रिक गाडी चाकांवर ओढायचीच नसते, ती सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्यायची. गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडून असते.

ट्रकची कथा आणखी वेगळी. एअर ब्रेकच्या ट्रकमधली हवा गेली की मागची चाकं स्प्रिंगच्या जोराने आपोआप जखडतात. ही सुरक्षेची सोय आहे. पण ट्रक हलेना म्हणून मेकॅनिक तो स्प्रिंग मागे खेचून चाकं मोकळी करतो. आता ट्रक हलतो, पण त्या चाकांचे ब्रेक गेलेले असतात. मोकळा केलेला ट्रक म्हणजे ब्रेक नसलेला ट्रक, हे विसरून त्याला दोराने उतारावर घेतला तर पुढे काय होणार ते बैलगाडीवाल्यालाही सांगता आलं असतं. आणि आमच्या रस्त्यावरून महाड एमआयडीसीचे केमिकलचे टँकर जातात, हेही ध्यानात घ्या.

एसटीची ब्रेकडाऊन गाडी येऊन बस नेताना मी पाहिली आहे ती लोखंडी दांड्यावर. दोन्ही टोकांना पिन. दांडा दाबता येत नाही, त्यामुळे मागची गाडी पुढच्यावर येत नाही, पुढच्याचा ब्रेक दोघांना धरतो. १९४८ पासून गावोगावी जाणाऱ्या एसटीचे मेकॅनिक घाट ओळखून आहेत. खासगी वाहनवाल्यांनी त्यांच्याकडून एवढं तरी घ्यावं.

२२ जुलै २०२१ चा पूर महाडकर विसरू शकत नाहीत. तळियेची दरड त्याच दिवशीची. तिथे जे गेलं त्यापुढे गाड्यांचं काय, पण पाणी ओसरल्यावर गल्ल्यागल्ल्यांत चिखलात रुतलेल्या गाड्यांच्या रांगा होत्या आणि त्या काढल्याशिवाय मदतीचं वाहन आत येत नव्हतं. ट्रॅक्टर आणि जेसीबीला दोर लावून लोकांनी एकमेकांच्या गाड्या ओढल्या. पैसे कोणी विचारले नाहीत. तेव्हा दोन गोष्टी स्वच्छ दिसल्या. बंपरला किंवा कुठल्या तरी रॉडला दोर बांधला तिथे बंपर हातात आला. टूलकिटमधला हूक काढून पुढच्या झाकणामागच्या आट्यांत घट्ट बसवला तिथे गाडी सरळ निघाली. आणि ज्यांनी आधी चावी फिरवून पाहिली, त्यांच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं. पुरातली गाडी सुरू करून बघायची नसते, ओढून न्यायची असते.

मग दोर लावायचाच नाही का? तसं मी म्हणत नाही. मदत करणं ही आपली रीत आहे आणि ती राहिली पाहिजे. मालवाहू गाड्यांच्या विम्यातसुद्धा पैसे न घेता एखादी बंद गाडी ओढण्याला जागा ठेवलेली असते. पण दोर कशासाठी, हे पक्कं हवं. धोक्याच्या वळणावरून जवळच्या रुंद, सपाट जागेपर्यंत. बस. जर्मनीत ऑटोबानवर गाडी ओढत असाल तर पुढच्याच फाट्याला बाहेर पडावं लागतं आणि दोन्ही गाड्यांचे चारही इंडिकेटर चालू ठेवावे लागतात. ब्रिटनमध्ये अंतराची मर्यादा साडेचार मीटर. सगळीकडे विचार एकच, दोर ही तात्पुरती सोय आहे, प्रवासाचं साधन नाही.

आमच्या भागासाठी मी सोपं करून सांगतो :

१. घाटाच्या उतारावर दोराने ओढायचं नाही. क्रेन किंवा सपाट पाठीचा ट्रक येईपर्यंत थांबायचं.

२. थांबताना चाकाखाली दगड, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर. लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे, वळण असेल तर वळणाच्याही आधी. माणसं गाडीत नाहीत, कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागा असेल तिथे. निघताना तो दगड रस्त्यात सोडून जायचा नाही, रात्री दुचाकीवाला त्यावर मरतो.

३. सपाटीवर ओढायचंच झालं तर मागच्या सीटवर लायसनवाला आणि अनुभवी माणूस, चावी चालू स्थितीत, गिअर न्यूट्रल. हूक कंपनीच्या जागी. दोराच्या मधोमध लाल फडकं. पाठीवर पुठ्ठ्यावर का होईना, 'ऑन टो' लिहिलेलं.

४. निघण्याआधी दोघांनी खुणा ठरवायच्या : एक हॉर्न म्हणजे काय, दोन म्हणजे काय. दोर ताणला जाईपर्यंत मुंगीच्या पावलाने. वेग पंधराच्या आसपास. ब्रेक आधी मागच्याने.

५. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा हलकी नको.

आता सरकारच्या वाट्याचं बोलू, कारण सगळं लोकांवर ढकलून चालणार नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम २०१ सांगतं की बंद गाडी रस्त्यात ठेवून वाहतूक अडवली तर दंड. २०१९च्या दुरुस्तीनंतर तो ५०० रुपयांपर्यंत आहे, आणि सरकारी यंत्रणेने गाडी हलवली तर ओढण्याचा खर्चही मालकाकडून घ्यायचा. ठीक आहे. पण मालकाने ती हलवायची कशाने? रात्री दोन वाजता भोगावच्या वळणावर गाडी बंद पडली, तर क्रेन कोणाची, किती वेळात येणार आणि घेणार किती? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाकडून अशाच एका रात्री क्रेनवाल्याने पंधरा किलोमीटरला तोंडाला येईल तो आकडा मागितला. शेवटी त्यांनी मागून आलेल्या टेम्पोला दोर लावला आणि सगळा उतार दोरावर काढला. सुखरूप पोचले, नशीब. विम्याच्या साध्या पॉलिसीत अपघातानंतर कार गॅरेजपर्यंत न्यायला १५०० रुपयांची मर्यादा असते, आणि ती अपघातासाठी, नुसत्या बंद पडण्यासाठी नाही. माणूस दोराकडे वळतो तो अडाणी म्हणून नाही, परवडत नाही म्हणून.

इंदापूरपासून पुढे झारापपर्यंत या महामार्गाचं काम राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे आहे. कशेडीचा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला, २०२३च्या गणपतीच्या तोंडावर त्याची एक बाजू सुरूही झाली. घाटातला वेळ वाचला, चाकरमानी खूश. पण बोगद्यात बंद पडलेली गाडी घाटातल्यापेक्षा कमी धोक्याची नसते. धूर आहे, अंधार आहे, कडेला जागा नाही. गणपतीत पोलीस आणि परिवहन खातं मदत केंद्रं लावतात, क्रेन उभ्या करतात, तेव्हा सगळं नीट चालतं. म्हणजे जमतं. मग दहा दिवसांसाठीच का?

मागणी साधी आहे. पोलादपूर आणि महाड इथे बारा महिने चोवीस तास क्रेन. तिचा दर किलोमीटरप्रमाणे ठरलेला, आणि तो दर घाटाच्या दोन्ही तोंडांशी व बोगद्याच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लिहिलेला, फोन नंबरसकट. उतारावर ठरावीक अंतराने गाडी बाजूला घेता येईल अशी रुंद जागा. आणि ओढताना 'ऑन टो'चा फलक व लायसनवाला माणूस नसेल तर पोलिसांनी हटकणं, दंडासाठी नव्हे, थांबवण्यासाठी.

हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये. १९२८ सालचा सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पडला, दोन एसटी आणि एक तवेरा माणसांसकट वाहून गेली. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला सुरू झाला. जिथे अख्खा पूल सहा महिन्यांच्या आत होतो, तिथे एक क्रेन आणि एक दरफलक व्हायला किती दिवस लागावेत? फक्त तेवढ्यासाठी आधी माणसं जावी लागू नयेत, इतकंच म्हणणं आहे.

घाटातल्या जुन्या क्रेनवाल्यांच्या, एसटीच्या मेकॅनिकांच्या, ट्रकच्या क्लीनरांच्या आठवणी कोणाकडे असतील तर जरूर लिहा. आमच्या भागाचा हा इतिहास पुस्तकात नाही, तो याच माणसांकडे आहे. आणि पोस्ट पटली तर पोलादपूरच्या, महाडच्या, खेडच्या ग्रुपवर टाका. पुढच्या गणपतीच्या आधी वाचली गेली तर बरं.